मिनिस्टीरियल जेवण

त्या माणसानं माझ्या आईच्या हातातून पाण्याची बाटली ओढून घेतली. आमच्या घरात. आमच्याच ओसरीवर. आणि ती बाटली आई त्यालाच द्यायला निघाली होती.

थंडीचे दिवस, पण दुपारचं ऊन चढलेलं. तो सकाळपासून तहसीलच्या गाडीतून खोकी उतरवत होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आईला राहवलं नाही. आमच्या मडक्यातलं पाणी हा पिणार नाही, हे तिनं न विचारताच धरलं होतं. म्हणून खोक्यातली बंद बाटली उचलली आणि म्हणाली, "घ्या दादा, पानी प्या."

त्यानं बाटली हिसकली. झाकण फिरवून पाहिलं. आईची बोटं जिथं लागली होती तिथं गमछ्यानं पुसलं.

"माई, इसको हाथ नहीं लगाना। ये मिनिस्टीरियल है।"

बाटलीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत तोच एक शब्द.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हन्ते वो हा?"

मी बालाघाटच्या कॉलेजातून इंग्रजीत एम.ए. केलेलं. आमच्या घरातली पहिली, आमच्या वस्तीतलीही पहिली. मी लगेच सांगितलं, "मंत्र्याचं पानी हाये म्हन्ते माय. मिनिस्टीरियल म्हन्जे मंत्र्याचं, मंत्रीपदाचं. विशेषण हाये ते."

खरं सांगते, शब्द मला येत होता याचा मला आधी आनंद झाला. अपमान बराच मागून आला. आला तो मग गेलाच नाही.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी तहसिलात. बावनथडी नदी ओलांडली की महाराष्ट्र. आम्ही बौद्ध. घरात मराठी, शाळेत हिंदी. इंग्रजी मला कुणी दिलेली नव्हती, ती मी मागून मागून घेतली. सरकारनं सायकल दिली म्हणून मी मोठ्या शाळेत जाऊ शकले. सरकारनं शिकायला वजिफा दिला म्हणून बालाघाटला होस्टेलात राहू शकले. सरकार या शब्दाबद्दल माझ्या मनात वाकडं कधीच नव्हतं. परत येऊन गावच्या शाळेत अतिथी शिक्षक म्हणून लागले, तेव्हाही मला वाटलं होतं, ज्यांनी शिकवलं त्यांचंच काम करते आहे. पक्की नोकरी नव्हती. पण मुलं मला मॅडम म्हणत, आणि माझ्या आईला लोक मास्तरनीची माय म्हणू लागले होते.

म्हणून नायब साहेब आमच्या दारात आले तेव्हा मी आधी खुर्ची पुसली.

नायब साहेब म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचे अधिकारी. तरुण होते. इंदूरकडचे. बोलणं मऊ, सगळ्यांना आप म्हणायचे. म्हणाले, मंत्रीजी दौऱ्यावर येणार आहेत आणि दुपारचं जेवण एका गरीब घरी घेणार आहेत. "साफ-सुथरा घर चाहिए था। और पढ़ी-लिखी बेटी हो, तो बहुत ही अच्छा।"

आईनं सगळं ऐकून घेतलं. तिनं फक्त एक विचारलं.

"जेवन मी करू नं साहेब?"

"और कौन करेगा, माई? मंत्रीजी स्पेशल आपके हाथ का खाने आ रहे हैं।"

हे वाक्य मी विसरले नाही. आई तर त्या वाक्यावरच पुढचे सगळे दिवस जगली.

यात आईला एवढं काय होतं, ते सांगायला हवं. आमच्या गावात पटेलांचं घर मोठं. आईनं आयुष्यभर त्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी केली, कापणी केली. पटेलीनबाई वाईट बोलणारी नाही. दुखलं-खुपलं विचारते. आमच्या अंगणापर्यंत येतेही. पण ओसरीवर चढत नाही आणि आमच्या घरचं काही तोंडात घालत नाही. "घाई हाये वो मले," म्हणते आणि वळते. तिची ही घाई माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. मी बी.ए. झाले तेव्हा आई पेढे घेऊन गेली. पटेलीनबाईनं पेढा घेतला, पदराला बांधला, म्हणाली, "घरी जाऊन खाईन." दुसऱ्या दिवशी तो पेढा त्यांच्या अंगणातल्या मुंग्यांनी खाल्लेला आईनं पाहिला. झाडू आईच्याच हातात होता.

नायब साहेब गेल्यावर आई म्हणाली, "त्या दिशी पटेलीनले बलावीन. पाहू दे तिले. मंत्री माह्या हातचं खाते ते पाहू दे. मंग पाहतो तिची घाई."

बाबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "मंत्री एक दिशी खाऊन जाईन. पटेलीन काय दुसऱ्या दिशी डबा घेऊन येनार हाये काय?"

"तुमी चूप बसा."

मग घर रंगवायला माणसं आली. रस्त्याकडची भिंत तेवढी रंगवली. बाबा त्या माणसाला म्हणाले, "काहून गा, मांगच्या भिंतीनं काय पाप केलं?" तो म्हणाला, गाडी उधर से नहीं आएगी.

मग सामान येऊ लागलं आणि सामानाबरोबर तो शब्द.

खुर्चीवर चिठ्ठी. सतरंजीवर चिठ्ठी. टॉवेल, साबण, हात धुवायचा जग, चमचे, सगळ्यांवर. अंगणाच्या कोपऱ्यात कापडाचा संडास उभा केला, त्याच्या पडद्यावरही मिनिस्टीरियल. नायब साहेबांना सगळं वेगळं ठेवलेलं आवडायचं. त्यांनीच चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. "कन्फ्यूजन नहीं होना चाहिए," ते म्हणत.

वस्तीला खेळ झाला. शेजारचे रमेशकाका येता-जाता विचारायचे, "काय वो मास्तरीन, बकरीले चिठ्ठी नाही लावली काय? तिच्या लेंड्या मिनिस्टीरियल होऊन राह्यल्या नं." आई हसायची. मीही हसायचे.

शाळेतही मी तो शब्द फळ्यावर लिहिला. मंत्र्यांची बैठक म्हणजे मिनिस्टीरियल मीटिंग. मंत्र्यांचं काम म्हणजे मिनिस्टीरियल वर्क. मुलांनी आपापली वाक्यं केली. एक मुलगी उठून म्हणाली, "मैडम, मिनिस्टीरियल बुखार होता है क्या?" वर्ग हसला. मी शब्दकोशात मिनिस्टर पाहून आले होते. हा शब्द फार जुन्या एका शब्दावरून आला, त्याचा अर्थ सेवक, हे मी त्यांना सांगितलं. मुलांना ते खरं वाटेना. "नौकर?" "हाँ, नौकर." त्यांना वाटलं मॅडम गंमत करते आहे.

त्या संध्याकाळी घरी आले तर आई जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. तिचे गुडघे दुखतात. तिची स्वतःची खुर्ची त्यांनी मागे गोठ्याकडे नेऊन ठेवली होती आणि नवी खुर्ची तिच्यासमोर रिकामी होती. मी म्हटलं, बस नं माय त्याच्यावर, आता कोण पाहते? ती म्हणाली, "नको वो. चिठ्ठी हाये."

आईला वाचता येत नाही. तरी तिला त्या शब्दाचा वापर माझ्याआधी कळला होता.

विशेषण नामाचा गुण सांगतं, असं मी मुलांना शिकवते. लाल फूल. उंच झाड. हे विशेषण खुर्चीबद्दल काहीच सांगत नव्हतं. ते आमच्याबद्दल सांगत होतं. आमच्या घरात एक-एक वस्तू करून आम्हीच विटाळाचे होत चाललो होतो आणि ते मोठ्या अक्षरात, शुद्ध इंग्रजीत होत होतं. मी ते वाचत होते. अर्थ समजावून देत होते.

दौऱ्याच्या दिवशी आई अंधारात उठली. चूल सारवलेली होती. नव्या पिकाचा चिन्नोर तांदूळ तिनं या दिवसासाठी राखला होता. आमच्याकडे चिन्नोर घरात खायला ठेवत नाहीत, विकतात. शिजला की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. आईनं तो शिजवला. वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी केली. लाखोळीची डाळ, वरून लसणाची फोडणी. ज्वारीच्या भाकरी. तिळाची चटणी पाट्यावर वाटली, मिक्सरला हात लावू दिला नाही. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "तू नको. माह्याच हातचं पाह्यजे."

नऊवारी नव्हती तिच्याकडे, माझ्या पहिल्या पगाराची पिवळी साडी होती. ती नेसली. गळ्यात काळी पोत. मला म्हणाली, "कशी दिसून राह्यली?"

"मंत्रीन दिसून राह्यली."

"चल!" म्हणाली, आणि लाजली. माझी आई लाजली. मी ते पहिल्यांदा पाहिलं.

सूर्य वर आला आणि एक पांढरी गाडी आली. तिच्यातून मोठे स्टीलचे डबे उतरले. गरम होते, कडेनं वाफ येत होती. बरोबर पांढरी टोपी घातलेला स्वयंपाकी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी.

आई दारात उभी राहिली. तिच्या हातात झारा होता.

नायब साहेब घाईत होते, पण बोलले मऊच. "माई, प्रोटोकॉल होता है। डॉक्टर साहब का टेस्ट किया हुआ खाना ही देना पड़ता है। आप टेंशन मत लो। नाम आपका ही रहेगा।"

"मंग माह्या जेवनाचं?"

"वो भी रखेंगे न। पीछे रखवा दीजिए।"

दोन माणसांनी आमच्या चुलीवरची भांडी उचलली आणि मागे गोठ्यात नेऊन ठेवली. आईच्या खुर्चीजवळ. त्यांना दोष देत नाही, त्यांनी भांडी जपून उचलली. कापडानं धरून.

मग नायब साहेबांना काहीतरी सुचलं. खरंच चांगल्या मनानं सुचलं असेल. म्हणाले, "माई, वो चिन्नोर कच्चा है क्या घर में? थोड़ा कच्चा दे दीजिए। गाड़ी में रखवा देते हैं। बोलने को हो जाएगा कि चावल आपके घर का लिया।"

 आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हा तं शिधा झाला."

मला कळलं नाही. माझी ऐन वर्षं होस्टेलात गेलेली. मी विचारलं, "काय झाला?"

ती मला आत घेऊन गेली. कोठीतून सुपात तांदूळ काढता काढता सांगू लागली. कुणाबद्दल तक्रार करावी तसं नाही. पाककृती सांगावी तसं.

"माह्या लग्नात पटेलाच्या घरी शिधा पोचवला होता. तांदूळ, डाळ, तूप, गूळ. सारं कोरं. आपल्या चुलीवरचं ते खात नव्हते. पन गावचे मोठे, त्यायले सोडून लगन कसं करनार? मंग कोरं द्याचं. ते आपल्या घरी शिजवून खात, का गड्याले देऊन टाकत, आपल्याले काय मालूम. पन सारे म्हनत, पटेल जेवले लग्नात. तुह्या आजीच्या लग्नात बी तसंच. तिच्या सासूच्या बी."

तिनं सूप झटकलं. खडे नव्हतेच, तरी निवडले.

"मले वाटलं, आता मंत्री येऊन राह्यला तं ते गेलं असन."

मी तिचा हात धरला. "माय, नको देऊ."

"द्या लागते."

"काहून द्या लागते? ते जेवन बी आपलं नाही, चूल बी आपली नाही. नाव कायचं राह्यते मंग?"

"पटेलीन येऊन राह्यली नं वो," ती म्हणाली. "सोड हात."

तिनं तांदूळ दिला. चांगला भरून दिला. पिशवी गाडीत गेली. ती कुठं गेली, शिजली की नाही, कुणी खाल्ली, मला माहीत नाही. आम्हाला ते कधीच माहीत नसतं.

त्या वेळी माझ्या आत काहीतरी सरळ झालं. दुसरा शब्द नाही मला. इतके दिवस मी दोन गोष्टी वेगळ्या समजत होते. एक गावातली जुनी, पटेलीनबाईची, जी शिक्षणानं जाईल. दुसरी सरकारची, नवी, इंग्रजीतली, जिनं मला शिकवलं. त्या दोघींची भेट आमच्या कोठीत झाली आणि त्या एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या.

नायब साहेबांनी मला बाजूला बोलावलं. कॅमेरेवाले येतील, मला एक वाक्य म्हणायचं आहे. "ये भोजन मेरी माँ ने अपने हाथों से बनाया है।" म्हणाले, हिंदीत म्हणा, आणि जमलं तर मागून इंग्रजीतही. "आप तो एम.ए. हैं।" मी मान हलवली. होकार होता की नाही, तेव्हा मलाही ठरवता आलं नव्हतं.

आई मागून आली. तिनं ऐकलं होतं. "जे सांगतलं ते बोलजो बापा," ती म्हणाली. "आपलं डोकं नको चालवजो."

मंत्रीजी यायच्या जरा आधी त्या बाटली हिसकणाऱ्या माणसानं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. नखानं खरवडून. खुर्चीवरची, जगावरची, बाटल्यांवरची. कॅमेऱ्यात दिसायला नको होत्या. शब्द गेला, पण तरी आमच्यापैकी कुणी त्या खुर्चीला हात लावला नाही. एवढ्या दिवसांत आम्हाला पाठ झालं होतं.

मंत्रीजी आले. हसरा चेहरा. आईला वाकून नमस्कार केला. सतरंजीवर मांडी घालून बसले, गुडघा दुखत असावा, तरी बसले. पुढे केळीचं पान, पानावर त्या डब्यांतलं पनीर, पुरी, पुलाव. आमच्या गावात कुठल्याच घरात पनीर शिजत नाही. पटेलांकडेही क्वचित. पण कॅमेऱ्याला कोण विचारतो?

अंगण भरलं होतं. आणि पटेलीनबाई आली होती. त्या दिवशी ती ओसरीच्या पायरीवर चढून उभी होती. पहिल्यांदा. आईनं मला कोपरानं ढोसलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं होतं. 

वाढायला तो टोपीवाला स्वयंपाकी होता. आईला मंत्रीजींच्या बाजूला हात जोडून बसवलेलं. माइक माझ्यासमोर आला.

"बताइए, आज क्या-क्या बनाया माँ ने?"

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मी म्हणायचं ते वाक्य ती माझ्याऐवजी मनात म्हणत होती.

मी म्हटलं, "सर, यह खाना हमारे घर का नहीं है। हमारी माँ का बनाया खाना पीछे गोठे में रखा है। चावल, डाल, भाजी, रोटी। सब गरम है। आप बोलेंगे तो अभी लाती हूँ।"

 अंगणात कुठलंतरी लेकरू रडत होतं.

मंत्रीजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला तो राग चालला असता. ते हसले. "शाबाश! ऐसी ही निडर बेटियाँ चाहिए हमको।" मग सगळ्यांकडे फिरून, "अगली बार पक्का, माँ के हाथ का ही खाएँगे।"

टाळ्या वाजल्या. नायब साहेबांनी आधी वाजवल्या, मग सगळ्यांनी. आमच्या वस्तीनंही. मंत्रीजींनी पुरीचा पुढचा तुकडा मोडला, पनीरात बुडवला आणि तोंडात घातला. माझं खरंही त्यांनी त्याच घासाबरोबर गिळलं. त्यांना काहीच लागलं नाही. ठसकासुद्धा नाही.

गोठा तिथून आवाजाच्या अंतरावर होता. कुणी उठलं नाही.

गाड्या गेल्या. सतरंजी, खुर्ची, जग, कापडाचा संडास, सगळं परत गेलं. पटेलीनबाई पायरीवरून उतरली. आईजवळ आली आणि म्हणाली, "मंग तुह्या हातचं नाहीच खाल्लं म्हना." टोमणा नव्हता. खात्री करून घेत होती. तिच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. इतक्या वर्षांत आपलं काही चुकलं नाही, अशी सुटका.

आई गोठ्यात गेली. तिच्या जुन्या खुर्चीवर बसली. भांड्यांवरची झाकणं उघडली नाहीत.

मी जवळ गेले. वाटलं, मला शाबासकी नको, पण पाठीवर हात तरी ठेवेल. ती म्हणाली, "एवढं एक तुह्यानं झालं नाही."

"माय, खोटं होतं ते."

"मालूम हाये मले खोटं होतं. तुले एकटीलेच मालूम होतं काय?" ती ओरडली नाही. "खोटं तं खोटं. पटेलीनले खरं वाटलं असतं. पायरीवर चढली होती ते. एक पायरी राह्यली होती वो."

त्या दुपारी मी आणि बाबा तेच जेवलो. चिन्नोरचा वास अजून होता. बाबा भात कालवत होते. अर्ध्यात म्हणाले, "चांगलं झालं होतं जेवन." आई जेवली नाही. रात्रीही नाही. उरलेलं बकरीला घातलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं बोलणं कुठंच आलं नाही. कुठल्याच बातमीत नाही, कुणाच्या मोबाइलवरही नाही. अख्ख्या अंगणात एवढे मोबाइल वर होते, पण तेवढं वाक्य कुणाकडे नव्हतं. पुढच्या सत्रात शाळेत अतिथी शिक्षकांच्या जागेवर माझं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारायला गेले तर हेडमास्तर म्हणाले, "पोर्टल से होता है बेटा, हमारे हाथ में क्या है।" मी आता बसनं बालाघाटला जाते, एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. मुलांना नोकरीच्या परीक्षांचे शब्द पाठ करवून घेते. मिनिस्टीरियलही त्यात येतो. मी अर्थ सांगते. वाक्यात वापर मात्र मी करून दाखवत नाही, मुलांनाच करायला लावते.

आणि पेपरात फोटो आला. मंत्रीजी घास घेताहेत, बाजूला आई हात जोडून. खाली लिहिलं होतं, दलित परिवार के घर मंत्रीजी ने किया भोजन. आईनं तो कापून घेतला. माझ्याकडून वाचून घेतला नाही, दुसऱ्या पोराकडून घेतला. खैरलांजीला जाऊन काच लावून आणला. रंगवलेल्या भिंतीच्या आतल्या बाजूला, दारासमोर तो लावला आहे.

घरी कुणी आलं की आई फोटो दाखवते. "मंत्री जेवला माह्या घरी," म्हणते. सुरुवातीला तेवढंच म्हणायची. आता म्हणते, "माह्या हातचं जेवला." मी ऐकते. बाबा उठून बाहेर जातात. गाव जाणतं, आणि गाव काही म्हणत नाही, कारण फोटोत तसंच आहे. पटेलीनबाई पुन्हा पायरीवर चढलेली नाही. तिला घाई असते.

मी बरेच दिवस गप्प राहिले. तिचं एवढंच आहे, असू द्यावं, असं मला वाटायचं. मला शिकवायला तिनं दुसऱ्यांचं धान रोवलं. तिला एक खोटा फोटो मी देऊ शकत नाही का?

मागच्या आठवड्यात तिरोडीकडच्या एका गावातून एक बाई आली. आमच्या दूरच्या नात्यातली. त्यांच्याही घरी साहेब लोक येऊन गेले होते, दुसरे मंत्री येणार आहेत, जेवायला. साहेबांनी तिला आमच्या घराचं नाव सांगितलं होतं. मोबाइलवर हाच फोटो दाखवला होता. म्हणाले, इनसे पूछ लो. ती विचारायला आली होती.

तिनं फोटोकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "अक्का, खरंच खाल्लं काय वो त्यानं तुह्या हातचं?"

आई म्हणाली, "हौ. पोटभर खाल्लं."

मी भाकर थापत होते. तशीच उठले. हाताला पीठ होतं.

"नाही खाल्लं," मी म्हटलं. "डबे बाहेरून आनले होते. माह्या मायचं जेवन गोठ्यात ठेवलं होतं. तुमच्या घरी बी तसंच करतीन. तुमच्याकून कोरा तांदूळ मांगतीन."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला लहानपणी कधी मारलं नाही. त्या नजरेनं मारलं. मग ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. भर दुपारी.

ती बाई चहा प्याली. जाताना दारात थांबून हळूच मला म्हणाली, "पन बाई, भिंत तं रंगवून देतेत नं वो?"

"देतेत," मी म्हटलं. "रस्त्याकडची."

ती हो म्हणणार आहे, हे मला कळलं. तिला मी दोष देत नाही. तिच्याही घरी छप्पर गळत असेल, तिच्याही गावात कुणीतरी पायरीखाली उभं राहत असेल.

आई माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. ती बोलेल की नाही, मला माहीत नाही. तिचं वय झालं आहे. कदाचित हे असंच राहील आणि मग ती नसेल, आणि फोटो असेल.

तरी मी ठरवलं आहे. आमच्या दारात जो येईल, जो फोटोकडे पाहील, त्याला मी सांगेन. आई समोर असली तरी सांगेन. ती रडली तरी सांगेन. नाही खाल्लं. तिच्या हातचं कुणीही खाल्लं नाही, पटेलानं नाही, मंत्र्यानं नाही, आणि ज्यांनी खाल्लं नाही त्यांना मी माझ्या तोंडानं जेवलेले म्हणणार नाही.